म्हण कोणी, कोणाला म्हणायची?

सिंधुदुर्गात माणसाच्या वागण्याला नाव द्यायला विशेषण क्वचित लागतं. कोणी मोठा गाजावाजा करून कणकवलीच्या बाजाराला गेला आणि दोन नारळ घेऊन परतला, की लोक म्हणणार, 'उंदीर गेलो लुटी, हाडल्यान दोन मुठी'. भजनाला बसून दाराबाहेरच्या चपलांवर नजर ठेवणाऱ्याचं 'देव देवळात, चित्त खेटरात'. दोन भावांच्या हट्टापायी कलमाचे आंबे झाडाखालीच कुजले की 'तुका नाय माका, घाल कुत्र्याक'. जमीन विकून झाल्यावर तिच्या पिकाची वर्णनं करत बसणाऱ्याला 'मेल्या म्हशीक पाच शेर दूध' ऐकून घ्यावं लागतं. ज्याची सगळी मजल गावच्या तिठ्यापर्यंत, त्याच्यासाठी 'सरड्याची धाव वयपर्यंत', म्हणजे कुंपणापर्यंत, आहेच. यांतल्या बऱ्याच म्हणी थोड्या वेगळ्या रूपात उभ्या महाराष्ट्रात भेटतात. इथे त्यांचा वावर अजून पुस्तकापेक्षा खळ्यात जास्त आहे, एवढाच फरक. तो फरक लहान नाही.

शिकणाऱ्याची अडचण त्या खळ्यातच सुरू होते. लग्न होऊन आलेली घाटावरची सून, बदलीवर आलेला तलाठी, डोंबिवलीत वाढलेली चाकरमान्याची नात, यांना 'माका-तुका' काही महिन्यांत जमतं. बांगडे, पेडवे, सुंगटं ही नावं जेवता जेवता पाठ होतात. म्हणी मात्र कळतात आणि वापरता येत नाहीत. वापरल्या की ऐकणारा हसतो, नाहीतर एकदम गप्प होतो, आणि काय चुकलं ते कोणी सांगत नाही.

या प्रश्नावर मालवण-कुडाळकडे दोन मतं मी वारंवार ऐकली आहेत. दोन्हींत खरं आहे आणि दोन्ही एकमेकांशी भांडतात, म्हणून ती दोन कल्पित माणसांच्या तोंडी घालतो आहे. आबा हे मालवण तालुक्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. सूनबाईंचं माहेर जळगावकडचं, नोकरी कुडाळात. त्यांनी मालवणी म्हणींची एक वही केली आहे.

सूनबाई: आबा, वही भरत आली. वर म्हण, खाली अर्थ, त्याखाली प्रसंग. गणपतीला मुंबईची पोरं येतील तेव्हा त्यांच्या हातात ठेवणार आहे.

आबा: ठेव. वाचू देत. बोलायला सांगू नकोस.

सूनबाई: का बरं?

आबा: वहीत म्हण असते, पण ती कोणी कोणाला म्हणायची ते नसतं. 'काप गेले नि भोका रवली' ही म्हण माझी आई म्हणायची, ती आमच्याच घराबद्दल. भाताची कणगी रिकामी झाली, गडीमाणसं गेली, उरलं ते भलंमोठं घर आणि गळकी कौलं. ते तिने सोसलेलं होतं, म्हणून तिच्या तोंडी शोभायचं. उद्या तुझ्या वहीतून वाचून एखादा पोरगा शेजारच्या पडक्या माडीकडे बघून हेच म्हणेल. शब्द तेच, अर्थही तोच. पण शेजारी ते जन्मात विसरणार नाही.

सूनबाई: म्हणजे इथे जन्मल्याचा दाखला दाखवल्याशिवाय म्हण बोलायची नाही?

आबा: जन्माचं मी काही म्हटलं नाही. नातं लागतं.

सूनबाई: नातं बोलल्याशिवाय जुळतं कुठे? तुम्ही माझ्याशी कधी मालवणीत बोलता? गडग्यापलीकडच्या काकींना विचारता, 'खय चललंस गो?' आणि तीच मान माझ्याकडे वळवून, 'कुठे निघालीस?' बंदरावर तेच. आईंशी माशांचा भाव मालवणीत होतो. माझी पाळी आली की, 'ताई, घ्या ना, ताजी आहे.' मी मालवणीत विचारलं तरी उत्तर पुस्तकी मराठीत येतं. मग मी शिकायचं कोणाकडून? वहीकडूनच ना?

सूनबाईंची ही तक्रार मला या सगळ्या वादात सर्वांत वजनदार वाटते. मालवणी माणूस परक्याशी प्रमाण मराठीत बोलतो ते आदरापोटी. पाहुण्याला अवघडायला नको, आपण अडाणी वाटायला नको, अशा दोन्ही गोष्टी त्यात असतात. पण शिकणाऱ्यासाठी तो आदर भिंतीसारखा उभा राहतो. वर्षानुवर्षं एका घरात राहून, एका चुलीवरचं जेवून सून पाहुणीच राहते, कारण तिच्याशी बोलायची भाषा वेगळी असते. आणि म्हणी तर फक्त घरच्या भाषेत फिरतात.

आबा: यामागे कारण आहे, सूनबाय. शाळेत पोर 'माका' म्हणालं की आम्ही 'मला' म्हणायला लावायचो, कारण परीक्षा त्या भाषेत होती. मुंबईला नोकरी लागायची ती त्या भाषेवर. गिरणगावात, परळ-लालबागला आमची माणसं खोलीत मालवणी बोलायची आणि जिना उतरला की जीभ बदलायची. त्यांच्या बोलण्याला लोक हसायचे. हसणं पचवून पचवून सवय झाली.

सूनबाई: 'वस्त्रहरण' नाटक आल्यावर तर तेच हसणं तिकीट काढून आलं.

आबा: १९८० साली आलं ते. गंगाराम गवाणकरांनी लिहिलं, ते मूळचे राजापूर तालुक्यातल्या माडबनचे, म्हणजे आजच्या जिल्ह्याच्या हद्दीबाहेरचे. बोलीला हद्द नसतेच. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो पुढच्या वर्षी, १ मे १९८१ ला. मच्छिंद्र कांबळींनी त्या नाटकाचे हजारो प्रयोग केले. मुंबईच्या रंगमंचावर आमची बोली ताठ मानेने उभी राहिली, हे मी विसरणार नाही. पण त्याची दुसरी बाजूही झाली. मालवणी म्हणजे विनोद, असं बाहेरच्यांनी धरून ठेवलं. आता कोणीही येतो, आवाज चढवतो, हेल काढतो आणि म्हण फेकतो. त्याला वाटतं, ही मालवणी.

सूनबाई: मालिकांनीही तेच केलं का?

आबा: 'रात्रीस खेळ चाले' आली २०१६ मध्ये, पुढच्या वर्षी 'गाव गाता गजाली'. माणसं आवडीने बघायची, मीही बघायचो. पण महाराष्ट्रभर कळावी म्हणून ती बोली पातळ केलेली असते. तिथून हेल उचलता येतो. म्हण उचलायची तर ती ज्या तोंडून आली ते घर माहीत असावं लागतं. मालवणीत माणूस मेल्यावर रडतातही, सूनबाय. तेव्हाही म्हणीच असतात तोंडात, आणि तेव्हा कोणी हसत नाही.

सूनबाई: हे पटलं. पण एक सांगा. बचत गटाचा हिशेब मी आदल्या रात्री जागून पुरा केला. बैठकीत कोणी विचारलं तेव्हा म्हटलं, 'दिस गेलो रेटारेटी, चांदण्यात कापूस काती.' म्हण बरोबर, प्रसंग बरोबर. कोणाला बोललेही नाही, स्वतःलाच बोलले. तरी बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

आबा: पुरी म्हटलीस म्हणून.

सूनबाई: म्हणजे?

आबा: इथे पुरी म्हण कोणी म्हणत नाही. 'दिस गेलो रेटारेटी…' एवढंच म्हणायचं आणि कामाला लागायचं. पुढचं ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. तू कापूस कातेपर्यंत गेलीस, म्हणून त्यांना शाळा आठवली.

हे शिकणाऱ्याला कोणी सांगत नाही, कारण बोलणाऱ्याला आपण अर्धंच बोलतो याचा पत्ताच नसतो. म्हणींच्या संग्रहात म्हण नेहमी पुरी छापलेली असते. मिशनरी आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांनी १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून मराठी म्हणींचा इंग्रजी भाषांतरासह संग्रह काढला, त्यातही तसंच. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे खंड चाळीसच्या दशकात आले, त्यांतही तसंच. कोशाने दुसरं काय करावं? पण खळ्यात म्हण तुटकी येते. 'उंदीर गेलो लुटी…' आणि पिशवीकडे एक नजर. 'मेल्या म्हशीक…' आणि सुस्कारा. 'कोंबो झाकलो म्हणान…' इतकं म्हणून थांबलं, तरी उजाडायचं राहत नाही हे सगळ्यांना ऐकू येतं. न बोललेला अर्धा भाग दोघांच्या सामाईक मालकीचा असतो. तो समोरच्याकडे सोपवणं म्हणजे त्याला आपलं समजणं, आणि पुरी म्हण ऐकवणं म्हणजे, तुला हे माहीत नसेल, असं त्याला सांगणं. शिकणाऱ्याला पहिली सूचना द्यायची तर मी हीच देईन: म्हण पाठ पुरी कर, बोल अर्धी.

सूनबाई: चिनी बोलींत म्हणे अशा म्हणींची एक जातच आहे. पहिला अर्धा बोलायचा, दुसरा गिळायचा. 'मातीचा बोधिसत्त्व नदी ओलांडतो' एवढंच म्हणायचं. स्वतःलाच वाचवता येत नाही, तो दुसऱ्याला काय तारणार, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

आबा: ही इथे कोणालाही लगेच कळेल. गणपती पोचवून आलेल्याला मातीचं आणि पाण्याचं काय सांगायचं!

सूनबाई: त्यांतल्या कँटनीज बोलीवरूनच मला वही सुचली, आबा. हाँगकाँगच्या आ टो नावाच्या व्यंगचित्रकाराने २०१४ मध्ये एका मोठ्या चित्रात ८१ कँटनीज म्हणी आणि वाक्प्रचार काढले. ब्रूगेल या चित्रकाराने १५५९ मध्ये नेदरलँडच्या म्हणींचं चित्र रंगवलं होतं, त्या धर्तीवर. गल्लीभर माणसं, आणि प्रत्येक जण कुठलीतरी म्हण अंगाने करतोय. तिथेही चिंता हीच आहे: शाळेत, कचेरीत, टीव्हीवर मँडरिन वाढते आहे, घरच्या बोलीचं काय होणार? म्हणून त्यांनी म्हणी डोळ्यांपुढे मांडल्या. त्यांच्याकडे नोकरीवरून काढलं याला 'माकूल परतली' म्हणतात. पूर्वी कामगार आपलं अंथरूण घेऊन कामावर राहायचा. काम सुटलं की अंथरूण गुंडाळून निघायचा. तव्यावर माकूल गुंडाळते ना, तशी ती वळकटी.

आबा: छान आहे. पण बघ, तव्यावर माकूल गुंडाळताना मालवणातली प्रत्येक बाई बघते. आमच्याकडे तिची म्हण झाली नाही. का? कारण वळकटी घेऊन हाकलून देणारा शेठ गावात नव्हता. तो मुंबईत होता. म्हण नजरेला जे पडतं त्याची होत नाही, जे परत परत सोसावं लागतं त्याची होते.

सूनबाई: मग इथे काय सोसलं?

आबा: सातबारा काढून बघ. एका तुकड्याला किती नावं! चुलते, चुलत चुलते, मुंबईतले, मेलेले, वारस न लागलेले. सगळं सामाईक. एकाने कलम लावायचं म्हटलं की दुसऱ्याची सही नाही. घर पडलं तरी दुरुस्ती होत नाही, कारण वासा कोणाचा ते ठरत नाही. 'तुका नाय माका, घाल कुत्र्याक' ही म्हण त्या सातबाऱ्यावर उभी आहे. 'केला तुका, झाला माका' तिथलीच. तुझ्या वहीत अर्थ लिहिलायस, 'आपसातल्या भांडणात दोघांचं नुकसान'. बरोबर आहे. पण ज्याच्या घराला वीस वर्षं कौल बदलता आलं नाही, त्याच्यासमोर ही म्हण उच्चारली तर तो उठून जाईल. अर्थ कळला म्हणून घाव कळत नाही.

सूनबाई: मग मी वहीत तेही लिहीन. सामाईक जमीन म्हणजे काय, सही अडते म्हणजे काय, सगळं. मुंबईच्या पोरांना हे ठाऊकच नाही. त्यांची नावं त्याच सातबाऱ्यावर लागणार आहेत, आबा. म्हणीच्या निमित्ताने तरी कळू दे.

इथे सूनबाईंनी बाजी मारली असं मला वाटतं. म्हण धोक्याची आहे म्हणून दूर ठेवण्यापेक्षा, ती का दुखवते ते शिकवणं हेच खरं भाषेचं शिक्षण. व्याकरण त्यामानाने सोपं आहे. 'मी जातंय, तू जातंस, तो जाता' हे आठवड्यात बसतं. कोणाच्या घरात कुठली म्हण काढायची नाही, हे कळायला गाव कळावा लागतो, आणि गाव कळावा असं तर आपल्याला वाटतंच.

सूनबाई: आता अवघड पान. 'नावाजललो गुरव देवळात हगलो.' घेऊ की गाळू?

आबा: गाळ.

सूनबाई: इतकी नेमकी म्हण! ज्याचं कौतुक करावं त्यानेच नको तिथे घाण करावी. याला दुसरा शब्द आहे तुमच्याकडे?

आबा: म्हण नेमकी आहे, नाही कोण म्हणतं? पण गावात गुरवाचं घर आहे. देवाची पूजाअर्चा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे. तो माणूस आपल्या खळ्यात येऊन बसतो. त्याच्या जातीचं नाव घेऊन तू हसणार?

सूनबाई: बोलणार नाही. पण गाळणारही नाही. नोंद ठेवीन आणि बाजूला लिहीन, माणसाबद्दल वापरू नये. 'आंधळी दळता, कुत्रां पीठ खाता' याच्याही बाजूला लिहीन. नको त्या म्हणी पुसून टाकल्या तर पुढच्या पिढीला वाटेल, आपले पूर्वज सगळे सोज्वळ होते. ते खोटं होईल.

आबा: आणि ती दुसरी? पाण्यातली?

सूनबाई: 'पाण्यात हगलला वर येताच.' ती तर मी अगदी वरच्या बाजूला घेतली आहे. लपवलेली गोष्ट उघडी पडते, हे याहून कमी शब्दांत कोणी सांगून दाखवावं.

आबा: बायकांच्या बैठकीत म्हणशील?

सूनबाई: त्यांच्याकडूनच ऐकली.

शरीराची भाषा मालवणीत मोकळी आहे आणि त्यात अश्लीलतेचा हेतू नसतो. शहरातून आलेला शिकाऊ माणूस अशी म्हण एकतर फिदीफिदी हसत म्हणतो, नाहीतर कुजबुजत. दोन्ही चूक. ही म्हण सरळ, साध्या आवाजात, पंचायतीतल्या एखाद्या प्रकरणावर शांतपणे म्हटली जाते. ज्याला तशी म्हणता येत नाही त्याने थांबावं, ती म्हण वाट पाहील. जातींची नावं घेणाऱ्या म्हणींबद्दल माझं मत आबांकडे झुकतं: वहीत असोत, ओठांवर नकोत. जन्माने मालवणी असलेल्यांनाही हे लागू आहे, शिकणाऱ्यांनाच कशाला.

आबा: शिव्यांचं काय केलंस?

सूनबाई: त्यांचं वेगळं पान आहे. 'मेल्या', 'वशाड पडो', 'आवशीक खाव'. मला वाटायचं या शिव्या आहेत. मग आईंना नातवाला म्हणताना ऐकलं, 'मेल्या, जेवलंस काय?' आणि पोरगा जाऊन मांडीवर बसला.

आबा: ते आजीने म्हणायचं. तू शिक्षिकेला म्हण बघू. एखादा शब्द अंगणातून उचलून रस्त्यावर मांडला की काय होतं ते सिनेमावाल्यांना विचार. 'शिक्षणाच्या आईचा घो' नावाचा चित्रपट २०१० मध्ये आला, तेव्हा त्या नावावरच आक्षेप निघाले. इथे रोज दहा जण तो 'घो' काढतात, कोणी वळूनही बघत नाही.

सूनबाई: म्हणून त्या पानावर मी एकच सूचना लिहिली आहे: या ऐकून घ्यायला शिका. कोणी 'मेल्या' म्हटलं तर ओशाळू नका, रागावू नका, जेवायला बसा.

आबा: हे बरं लिहिलंस. हेच सगळ्या वहीला लाव.

सूनबाई: कसं?

आबा: गाऱ्हाणं बघितलंस ना देवळात? एक माणूस देवाला घालतो, 'बा देवा म्हाराजा' करून. सगळ्या गावाचं दुखणं, पीकपाणी, चाकरमान्यांची खुशाली. बाकीचे फक्त म्हणतात, 'व्हय म्हाराजा.' पोरगा पाच वर्षांचा असल्यापासून तेवढंच म्हणत असतो. पण ते नेमक्या ठिकाणी म्हणावं लागतं. त्यासाठी सगळं गाऱ्हाणं ऐकावं लागतं. असा होकार भरत भरत कोणीतरी एक दिवस पुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायला लागतो. त्याला कोणी वही दिलेली नसते.

सूनबाई: म्हणजे आधी दुसऱ्याच्या म्हणीला होकार भरायचा.

आबा: कोणी 'सरड्याची धाव…' म्हटलं की तू 'वयपर्यंत' म्हण. दुसरा अर्धा तुझा. त्यात कोणाला लागत नाही आणि तुला म्हण येते हे सगळ्यांना कळतं. मग स्वतःवर म्हणायची. दूध उतू गेलं, 'देव देवळात…'. एसटी चुकली, 'दिस गेलो…'. स्वतःवर म्हटलेली म्हण कोणी परत करत नाही. त्यानंतर पावसावर, रस्त्यावर, वीज मंडळावर. सगळ्यात शेवटी माणसावर, तेही तोंडावर, पाठीमागे नव्हे.

सूनबाई: तोंडावर? मला वाटलं उलट असेल.

आबा: तोंडावर म्हटलेली म्हण थट्टा असते, तो परतफेड करतो, दोघं हसतात. पाठीमागची चहाडी होते. धयकाल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात बघ, संकासुर कोणालाही बोलतो, ते समोर उभं राहून, म्हणून चालतं.

स्वतःवर, मग परिस्थितीवर, मग माणसावर, हा आबांनी सांगितलेला क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो, आणि तो मालवणीपुरता नाही. नागपूरला बदली झालेल्या कोकण्याने वऱ्हाडी म्हणींशी असंच वागावं. पण आबांच्या सांगण्यात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे वेळ. होकार भरत बसायला माणूस गावात असावा लागतो.

सूनबाई: हे सगळं माझ्यासाठी ठीक आहे, आबा. मी इथे राहते. मुंबईची पोरं गणपतीला येतात ती पाच दिवस, फार तर गौरी-गणपतीचे सात. त्यात आरत्या, भजनं, जेवणावळी. ती कधी होकार भरणार? तोवर त्यांची रजा संपते. म्हणून वही हवी. घरी नेतील, उघडतील, विसरतील, परत उघडतील.

आबा: उघडून बोलणार कोणाशी? डोंबिवलीच्या फ्लॅटात कोण आहे मालवणी ऐकणारं?

सूनबाई: त्यांचा बाप आहे की. तुमचा थोरला मुलगा.

आबा: तो पोरांशी हिंदीत बोलता.

सूनबाई: आणि तुम्ही फोनवर पोरांशी?

आबा: त्यांना कळावं म्हणून मी जरा शुद्ध…

सूनबाई: म्हणजे माझ्याशी बोलता तसं.

आबा: …येत्या आयतवारी फोन येतलो तेव्हा मालवणीत बोलान.

सूनबाई: पोरांना कळलं नाही तर ती फोन बापाच्या हातात देतील.

आबा: दिवंदेत. मगे बापसाकच इचारीन, पोरांक 'माका-तुका' शिकवूक तुका कोणी आडवल्यान? आणि ती वही हय ठेव. माका तेच्यात, खयची म्हण कोणी कोणाक म्हणाची नाय, ता लिवूचा असा. तुझा अक्षर बारीक, माझो चष्मो हाड.